सुमंतरावांचा चष्मा आणि युरोपचं संरक्षण

चष्मा गेला तेव्हा सुमंत लघाटे युरोपच्या सत्तावीस देशांना एकत्र आणायच्या अगदी बेतात होते.

शनिवारची सकाळ, साडेनऊची वेळ. अकरा वाजता त्यांचं ऑनलाइन व्याख्यान होतं. दिल्लीच्या एका संस्थेच्या चर्चासत्रात हिंदीतून बोलायचं होतं आणि विषय होता ‘युरोपला एकच परराष्ट्र आणि संरक्षण धोरण का हवं’. बनारसच्या कॉलेजात तीस वर्षं राज्यशास्त्र शिकवल्यावर दिल्लीने त्यांची आठवण काढायची ही पहिलीच खेप. दोन महिने खपून त्यांनी अठरा पानं लिहिली होती. बालाजी घाटामागच्या त्यांच्या गल्लीत चार बिऱ्हाडांच्या घरात मोबाइलला रेंज मिळत नाही, म्हणून टेबल, खुर्ची, लॅपटॉप सगळं गच्चीवर मांडून त्यांची शेवटची उजळणी चालली होती. चेहरा पुसायला त्यांनी चष्मा क्षणभर कठड्यावर ठेवला. तो क्षण पुरला.

“मृणालिनी! अगं, चष्मा!”

मृणालिनीबाई पोह्यांचा झारा हातात घेऊनच वर धावल्या. पाण्याच्या टाकीवर मुखिया बसला होता. गल्लीतल्या माकडांच्या टोळीचा हा म्होरक्या. चष्म्याची एक काडी तो सावकाश चघळत होता.

“जुना कुठाय?” मृणालिनीबाईंनी विचारलं.

“तो गेल्या महिन्यात ह्यानेच नेला ना!”

“मग आता वाचणार कसं?”

“तेच तर म्हणतोय मी!”

बनारसमध्ये हा सौदा सगळ्यांच्या ओळखीचा आहे. आपण केळं दाखवायचं, माकड केळं घेतं आणि वस्तू टाकतं. मृणालिनीबाईंनी केळं आणलं. मुखिया टाकीवरून उतरला, दोन पावलं पुढे आला, चष्मा तोंडातून काढून हातात घेतला. हात पुढे झाला. आणि नेमकी तेव्हाच जिन्यातून लंगुराची आरोळी उठली. मुखिया एका उडीत टाकीवर परत.

आरोळी नरहर डोंगरे यांच्या मोबाइलमधली होती. नरहरराव रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, पहिल्या मजल्यावर राहायचे. माकडांसाठी त्यांनी लंगुराचा आवाज मुद्दाम भरून ठेवला होता.

“भगा दिया!” ते विजयी मुद्रेने वर आले. “सुमंतराव, फिकरच करू नका. लंगूरची आवाज ऐकली की बंदर थांबतच नाही.”

“नरहरराव, त्याच्या हातात माझा चष्मा होता!”

“अस्सं? मग आधी सांगायचं ना.”

तोवर मुखियाने मोर्चा गच्चीच्या दुसऱ्या टोकाकडे वळवला होता. तिथे सर्वांत वरच्या मजल्यावरचे दिनानाथ गुरुजी भिजवलेल्या चण्यांची वाटी घेऊन उभे होते. हा त्यांचा रोजचा नेम. मुखियाने चष्मा पायाखाली दाबला आणि दोन्ही हातांनी चणे खायला सुरुवात केली.

“गुरुजी, आधी चष्मा घ्या, मग चणे द्या!” सुमंतराव ओरडले.

“हनुमंताच्या सैन्याला अटी घालतात का, सुमंत?” गुरुजी शांतपणे म्हणाले. “तो खाईल, संतुष्ट होईल, स्वतःहून देईल.”

मुखिया संतुष्ट झाला. पण चष्मा काही दिला नाही. वाटी मात्र घेऊन टाकीवर गेला.

एवढ्यात तळमजल्यावरची देवश्री कपड्यांची बादली घेऊन वर आली. ही अमरावतीची, बँकेच्या नोकरीमुळे तीन वर्षं बनारसात. महिन्याचा दुसरा शनिवार असल्याने सुट्टीवर होती. परिस्थिती तिने एका नजरेत ओळखली, बादलीतून गलोल काढली आणि टाकीच्या पत्र्यावर खडा हाणला. धाडकन आवाज झाला. मुखिया चष्म्यासह शेजारच्या पिंपळावर गेला.

“देवश्री!”

“काका, त्याला नाही मारलं! नुसतं घाबरवलं!”

“पण मी त्याच्याशी बोलत होते गं!” मृणालिनीबाई केळं हलवत म्हणाल्या.

पिंपळावर मुखियाची सगळी टोळी हे बघत बसली होती. ह्या गच्चीवर एक वस्तू उचलली की केळं दाखवतात, चणे देतात, वर वाटीही मिळते, हे टोळीच्या ध्यानात आलं. पुढच्या दहा मिनिटांत नरहररावांचा मोबाइल, गुरुजींचं पंचांग आणि देवश्रीचा नवा टॉवेल पिंपळावर पोचला. मोबाइलमधला लंगूर अजून ओरडत होता, पण आता तो माकडाच्या हातात होता आणि त्याचं कोणालाच काही वाटत नव्हतं. भावही चढला. मृणालिनीबाईंच्या केळ्याकडे मुखियाने बघितलंही नाही. देवश्री तहान लागली म्हणून आंब्याच्या रसाचा डबा घेऊन आली, तेव्हा मात्र तो दोन फांद्या खाली उतरला.

साडेदहा वाजले. सुमंतरावांनी सगळ्यांना लॅपटॉपच्या टेबलाभोवती बोलावलं.

“हे बघा, आपण चार घरं चार दिशांना ओढतोय. एकच धोरण ठरवू. बोलणी एकाने करायची, बाकीच्यांनी मागे उभं राहायचं. देवश्री काठी घेऊन उभी राहील. मारायचं नाही, फक्त दिसली पाहिजे.”

“बोलणी मी करतो,” नरहरराव म्हणाले. “पस्तीस साल गाडीला हिरवी झेंडी दाखवलीय मी.”

“तुम्हाला बघून तो पळतो,” मृणालिनीबाई म्हणाल्या. “मी करते.”

“काठी नको,” गुरुजींनी मान हलवली. “काठी असेल तर मी ह्यात नाही.”

“गुरुजी, काठीशिवाय तो ऐकणार नाही हो,” देवश्री कळवळून म्हणाली.

“म्हणजे तुम्ही तिन्ही घरं मिळून माझं ठरवणार?”

सुमंतरावांनी पानं पुढे ओढली. नेमका हाच आक्षेप युरोपातले छोटे देश घेतात. त्याचं सडेतोड उत्तर त्यांनी चौदाव्या पानावर लिहिलं होतं. पण चौदावं पान वाचायला चष्मा नव्हता.

अकराला दोन मिनिटं असताना लॅपटॉप वाजू लागला. पडद्यावर चाळीसेक चौकोन उघडले. दिल्लीच्या अध्यक्षबाईंनी त्यांचा परिचय करून दिला. सुमंतरावांनी पानं उचलली. अक्षरं मुंग्यांसारखी पळत होती. त्यांनी पान लांब धरलं, जवळ धरलं, उन्हाकडे धरलं. शेवटी पानं खाली ठेवली.

“मित्रांनो,” ते हिंदीतून म्हणाले, “माझा चष्मा आत्ता माकडाकडे आहे. त्यामुळे आकडे सांगता येणार नाहीत. जे दिसतंय ते सांगतो.”

आणि ते बोलत सुटले. युरोपाकडे सैनिक कमी नाहीत, पैसा कमी नाही, अक्कल तर कमी नाहीच नाही. पण एकाच्या तोफेत दुसऱ्याचा गोळा बसतोच असं नाही. सीमेवर दांडगा शेजारी येऊन बसला की एक देश त्याच्यावर बंदी घालतो, दुसरा त्याच्याचकडून गॅस घेतो, तिसरा शांततेचं आवाहन करतो. कोणाचं दार वाजवायचं हे त्या दांडग्याला पाठ असतं. एकाने नाही म्हटलं की सत्तावीस जणांचं निवेदन अडतं. इतकी वर्षं सगळे समुद्रापलीकडच्या थोरल्या मित्राच्या भरवशावर राहिले. पण थोरल्या मित्राला कधी दुसरं काम निघालं तर?

“छोट्या देशाला भीती वाटते, की मोठे आपलं ठरवतील,” सुमंतरावांचा आवाज चढला. “भीती खरी आहे. म्हणून त्याला बैठकीत जागा द्या, मत द्या, त्याचं ऐका. पण तो एकटा राहिला तर काय त्याचं तो ठरवतो? नाही! त्याच्या वतीने झाडावर बसलेला ठरवतो!”

मागे कठड्यापाशी दिनानाथ गुरुजी ऐकत होते. त्यांनी एकवार पिंपळावरच्या आपल्या पंचांगाकडे बघितलं. मग उरलेले चणे मुकाट्याने धोतराच्या ओच्यात टाकले आणि ते देवश्रीच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

“काठी खाली टेकवून धर,” ते पुटपुटले. “उचलायची नाही.”

“नाही उचलत, गुरुजी.”

नरहरराव दुसऱ्या बाजूला उभे राहिले, काही न बोलता. त्यांना ते फार जड गेलं असावं. मृणालिनीबाई रसाचा डबा घेऊन एकट्याच पुढे झाल्या. मुखिया उतरला. त्याने डाव्या बाजूला गुरुजींकडे बघितलं. चणे निघाले नाहीत. उजवीकडे नरहरराव पुतळ्यासारखे. समोर काठी, न हलणारी. त्याने डोकं खाजवलं. मग चष्मा टाकला, डबा घेतला आणि गेला. पाठोपाठ पंचांग, टॉवेल आणि मोबाइलही एकेका केळ्यावर सुटले.

हे सगळं कॅमेऱ्यात दिसत होतं. चाळीस चौकोनांत टाळ्या वाजल्या. सुमंतरावांनी चघळलेल्या काडीचा चष्मा डोळ्यांवर चढवला, तेव्हा त्यांची छाती दोन इंच फुगली होती.

प्रश्नोत्तरांत बेल्जियमच्या एका प्राध्यापकांनी हात वर केला. तरुणपणी बनारसमध्ये राहून ते हिंदी शिकले होते आणि ती फारच चांगली शिकले होते.

“महोदय, अति सुंदर. किंतु एक जिज्ञासा है. छत पर जाली लगवा लेते, तो यह संकट आता ही क्यों?”

“जाली लगानी तो थी,” सुमंतराव म्हणाले. “मगर चार घरों में सहमति नहीं बनी. एक घर ने मना किया.”

“किस घर ने?”

सुमंतरावांनी चष्मा नीट केला. “वह... आंतरिक मामला है.”

“सांगा ना आता!” मागून मृणालिनीबाईंचा आवाज आला, आणि त्या कॅमेऱ्यासमोरच येऊन उभ्या राहिल्या. “हमारे घर ने, जी! दो साल से कागज़ इन्हीं की मेज़ पर पड़ा है. तीन घरों के दस्तख़त हो चुके. इनका कहना है, जाली में से गंगाजी कटी-कटी दिखेंगी.”

बेल्जियमच्या प्राध्यापकांनी हात जोडले.

“हम समझ गए, बहनजी. हमारे यहाँ भी जो मना करता है, उसके पास बहुत सुंदर कारण होता है.”

लॅपटॉप बंद झाला. देवश्री कपडे वाळत घालण्यात फार मग्न होती. नरहरराव नुसतेच आभाळ बघत होते. सुमंतराव खाली गेले, पुस्तकांच्या गठ्ठ्याखालून कागद काढला आणि पहिल्यांदाच एका दमात सही करून टाकली.

पुढच्या रविवारी जाळी बसली. कारागीर शेवटचा खिळा ठोकून गेले. चारही घरं चहा घेऊन गच्चीवर जमली. गंगा थोडी कटी-कटी दिसत होती, पण तसं कोणी बोललं नाही. सुमंतरावांनी ह्या ऐतिहासिक एकजुटीबद्दल दोन शब्द बोलायला घसा खाकरला.

“अहो,” मृणालिनीबाई हळूच म्हणाल्या, “टाकीच्या मागे कोण बसलंय?”

टाकीच्या मागून मुखिया बाहेर आला. त्याने जाळीला आतून एक हिसका दिला. चारही कोपरे तपासले. जाळी उत्तम होती, कुठूनही वाट नव्हती. मग त्याने वळून सगळ्यांकडे पाहिलं आणि दात दाखवले.

त्यानंतर चारही घरांनी जे केलं त्याला बैठक लागली नाही, सही लागली नाही, कोणी आक्षेपही घेतला नाही. सगळे एकाच वेळी, एकाच दिशेने, जिन्याकडे पळाले. दिनानाथ गुरुजी सर्वांत पुढे होते.