मोरूच्या पोटरीचा नकाशा

"कमळे, प्रदक्षिणा घालताना आधी टाच टेकव, मग चवडा, आणि काही झालं तरी तोंड उघडू नकोस!"

सासरी निघताना आईने मला हा उपदेश केला. टाच-चवड्याचं मी छातीठोक सांगत नाही, पण तोंडाचं सांगते! चातुर्मासात अंगणातल्या औदुंबराला रोज एकशे आठ फेऱ्या, आणि त्या संपेपर्यंत मौन, हा माझा नेम. एक फेरी झाली की एक सुपारी या तबकातून त्या तबकात. नऊ वर्षांत एकदाही ओठ विलग झाले नाहीत! एकदा पदराला निरांजनाची ज्योत लागली, तेव्हा मी पेटले आहे हेही मी खुणेनेच कळवलं. असं मौन बोर्ली पंचतनापासून मांडव्यापर्यंत दुसऱ्या कुणी पाळून दाखवावं!

हा गर्व एकतीस सालच्या आश्विनात उतरला. उतरवला आमच्या भावजींनी.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर हरेश्वर. मुंबईस डॉक्टरी शिकत होते. शिकत होते म्हणजे, शरीरशास्त्रात नापास होत होते. परीक्षकाने एक जिवंत माणूस पुढे उभा करून विचारलं होतं, "पाऊल वर उचलणारा स्नायू दाखवा." भावजींनी पोटरीवर बोट ठेवलं! परीक्षकाने त्यांना तिथूनच घरच्या आगबोटीवर बसवलं नाही एवढंच. आता दिवाळीनंतर पुन्हा परीक्षा, आणि यंदाही गुडघ्याखाली घोडं अडलं तर कायमचे घरी येऊन पोफळी शिंपायच्या, असं माझ्या यजमानांनी अलिबागेहून पत्राने बजावलेलं.

"वहिनी, पुस्तकातला पाय डोक्यात शिरत नाही. जिवंत पाय हवा."

जिवंत पायांत आमच्या मोरूच्या पायांना तोड नव्हती. मोरू आमच्या वाडीत पोफळींवर चढून सुपारी उतरवायचा. त्याच्या पोटऱ्या म्हणजे उलटे टांगलेले दोन फणस! तळवे आतल्या अंगाला वळवून खोडाला असे चिकटवायचा की पाल लाजेल. त्याच्या पायावर स्नायू रंगवून पाठ करायचे, असं भावजींनी ठरवलं. रंग माझ्या रांगोळीच्या डब्यातले: गेरू, नीळ, हळद. ते मीच दिले. चूक माझीच.

फेऱ्यांना अवकाश होता, म्हणून मीही बघायला थांबले. भावजींनी मोरूला अंगणात पालथा निजवून एक पाय पाटावर घेतला आणि पोटरीवर गेरूने दोन गोळे काढले.

"हा गॅस्ट्रॉक्नेमियस. दोन डोक्यांचा."

"दोन डोकी? आनि मला यक पन धड न्हाय," मोरू म्हणाला.

"याच्या खाली सोलिअस. चपटा, माशासारखा."

"लेप म्हना की! लेपच आसतो चपटा."

"दोघे मिळून टाचेच्या या जाड दोराला लागतात. दोर खेचला की टाच वर, आपण चवड्यावर! आणि नडगीच्या बाहेरच्या अंगाला हा टिबिॲलिस अँटिरिअर. तो पाऊल वर उचलतो."

"म्हणजे परीक्षेतला तोच का?" मी हळूच विचारलं. भावजींनी न ऐकल्यासारखं केलं. तसं माझं बोलणं निम्म्या लोकांना ऐकूच येत नाही. सासूबाई म्हणतात, हिचं मौन चालू आहे की बोलणं, हे तबकातल्या सुपाऱ्या मोजल्याशिवाय कळत नाही!

हळदीने दोर रंगला, निळीने शिरा रंगल्या. खऱ्या शिरा फुगून दिसाव्यात म्हणून भावजींनी गुडघ्याखाली पंचा करकचून आवळला. घोट्यामागे खुणेसाठी गेरूचे दोन ठिपके दिले. मग म्हणाले, "हलू नकोस. वाळू दे. मी समुद्रावर बुडी मारून आलो."

मोरू हलला नाही. तो घोरू लागला. मी सोवळं नेसून, पाण्याचा कलश घेऊन फेऱ्यांना सुरुवात केली.

एकेचाळिसावी फेरी चालू होती. मोरूची बायको सोनूबाई भाकर घेऊन आली आणि तिने नवऱ्याचा पाय पाहिला. वरून पंचा आवळलेला, खाली लाल-निळा-पिवळा पाय, आणि घोट्यामागे दोन ठिपके!

"आगं बाय माझे! याला पान लागलं! फुरसं चावलं!"

पान लागणं म्हणजे साप चावणं. आश्विनात आमच्याकडे फुरशी सुपारीइतकी पडलेली असतात, त्यामुळे कुणी शंका घ्यायची सोयच नाही. मोरू दचकून उठला, उभा राहायला गेला आणि धपकन बसला. पंच्याने पाय पार बधिर झालेला! घाबरून तो रंग आणि पंचा साफ विसरला; झोपेत खरंच फुरसं चावलं, असंच त्याला वाटलं.

"सोने, माजा पाय न्हाय गं! हाय, पन न्हाय!"

सासूबाई, म्हणजे ठमाबाई, स्वयंपाकघरातून झारा घेऊनच धावल्या. पाचव्या मिनिटाला मिठागरावरचा बुधाजी हजर. सापाचं विष उतरवण्यात त्याचा हात कुणी धरत नसे. उतरलेले कितीजण उठले, हे मात्र कुणी विचारत नसे. त्याने मोरूची पोटरी दाबली. पोटरी दाबली की दोर खेचला जातो आणि पाऊल खाली झुकतं, हे मला सकाळीच कळलं होतं. बुधाजीला कळलं नव्हतं!

"बगितलंव? पाय आपसूक मान हालवतोय! जहर पोटरीत बसलंय. डाग द्यावा लागंल. कोयता तापवा!"

"डाग?" मोरू किंचाळला. "आरं, पोटरी जळली तर पोफळीव कसा चढू? माजी पोरं काय खातील?"

सोनूबाईने कपाळ बडवून घेतलं. चुलीत कोयता गेला. आणि खरी गोष्ट ठाऊक असलेली एकटी मी, गोल गोल फिरत होते!

मी खुणा सुरू केल्या. स्वतःच्या पोटरीकडे बोट दाखवलं. रांगोळीचा डबा दाखवला. समुद्राकडे हात केला. दोन डोकी दाखवायला कलश खाली ठेवून दोन्ही मुठी हवेत नाचवल्या. शेवटी चवड्यांवर उभी राहून तो दोर दाखवू लागले.

सासूबाईंच्या हातून झारा पडला. "अगो बाई! हिच्या अंगात आलं!"

मूठभर हळद माझ्या तोंडावर! पाठोपाठ कुंकू! कुणीतरी देवघरातली घंटा आणून बडवायला घेतली.

"आई, मोरू वाचेल का गं?" सासूबाईंनी हात जोडून मला विचारलं. सासूबाईंनी! मला!

मी जोरजोराने होकार दिला. वाचणारच, त्याला काय धाड भरली आहे!

"मग डाग देऊ?"

मी मान हलवली. नको, नको, नको! अंबाडा सुटला, केस मोकळे झाले, तरी हलवतच राहिले.

"बगा, कशी घुमतेय!" बुधाजी म्हणाला. "देवीचा हुकूम झाला. आना कोयता!"

आता सांगा, अंगात आलेल्या बाईने नाही म्हणायचं तरी कसं? मी जितकी नाही म्हणावी, तितकी देवी जागृत होत होती!

कोयता आला. लालभडक. चौघांनी मोरूला दाबून धरलं आणि तो माझ्याकडे बघून ओरडला, "वैनीबाय!"

नऊ वर्षांचं मौन एकीकडे आणि ती पोटरी एकीकडे. मी डोळे मिटले, दत्तगुरूंची क्षमा मागितली आणि तोंड उघडलं.

"अहो, तो रंग आहे."

कुणालाही ऐकू आलं नाही.

पुन्हा म्हटलं. घंटा चालूच! नऊ वर्षांचा नेम मोडला, आणि तो मोडल्याचं दत्तगुरूंखेरीज कुणाला कळलंही नाही! मग मात्र मला राग आला. खाली ठेवलेला कलश उचलून मी मोरूच्या पायावर उपडा केला.

गेरू वाहिला. नीळ वाहिली. हळद वाहिली. अंगणात लाल-निळा ओहोळ निघाला आणि खाली मोरूची सावळी पोटरी लख्ख उघडी पडली.

"जहर उतरलं!" बुधाजीने कोयता टाकून माझ्यापुढे लोटांगण घातलं. कुणीतरी पंचा सोडला, पायात रक्त धावलं, आणि मुंग्या येऊन मोरू असा नाचू लागला की शिमग्यातही कुणी नाचलं नसेल.

एवढ्यात भावजी ओलेत्याने परतले. मोरूचा पाय बघून त्यांनी टाहो फोडला, "माझा टिबिॲलिस कुणी धुतला?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. पुस्तक दाखवलं. कुणाचाही विश्वास बसला नाही.

"रंग व्हता तर पाय मेला कसा?" बुधाजीने विचारलं. "आनि धुतल्याव जिता झाला कसा? शिकलेल्यांनी बोलू नये आसं."

"सासूबाई, खरंच रंग होता. मीच दिला होता," मी म्हटलं.

"तू बोलू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "तुझं मौन आहे."

सगळे पांगल्यावर त्यांनी मला जवळ बसवून घेतलं. आवाज इतका मऊ की मला धास्तीच वाटली.

"कमळ, एक सांगायचं राहिलं. कोयता आला ना, तेव्हा मी गावदेवीला नवस बोलले. मोरूचा पाय वाचला तर एकवीस दिवस रोज अनवाणी टेकडी चढून ओटी भरायची."

"अहो, पण तुमचे गुडघे..."

"म्हणून तर तुझं नाव सांगितलं."

रंगाच्या पायासाठी बोललेला नवस देवीला लागतो का, असा प्रश्न माझ्या मनात आला होता. पण देवीला शब्द दिलेला होता, आणि सासूबाईंशी वाद घालण्याइतका आवाज मला देवाने दिलेला नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी नारळ-खण ताटात घेतले. टेकडीला दीडशे पायऱ्या. पन्नासाव्या पायरीला दोन डोक्यांच्या त्या स्नायूची दोन्ही डोकी दुखू लागली. शंभराव्याला लेप मासा वळवळू लागला. पदर खोचला आणि पुढची पायरी चढले.