एका ‘द’चा फरक

आमच्या तुळिंजच्या सोसायटीत मी सेक्रेटरी झाल्यावर हौसेने इंग्रजी पाटी लावली: ‘लिफ्ट इन चार्ज ऑफ वॉचमन.’ दुसऱ्या मजल्यावरचे चौधरीकाका ती वाचत उभे राहिले आणि लिफ्ट त्यांना न घेताच वर गेली.

“म्हणजे लिफ्ट वॉचमनला सांभाळते,” ते म्हणाले. “झोपलेलाच असतो तो. सांभाळायला हवंच कुणीतरी.”

मग मला उभ्याउभ्या शिकवणी. ‘इन चार्ज ऑफ’ म्हणजे सांभाळणारा. ‘इन द चार्ज ऑफ’ म्हणजे ज्याला सांभाळायचं तो. आपण मराठीत ‘च्या ताब्यात’ म्हणून मोकळे होतो, तिकडे एक ‘द’ गाळला की सगळं उलटं. गणपतीत कुणी ‘मोदक इन चार्ज ऑफ सावंतवहिनी’ असं लिहिलं, तेव्हाही काका हजर. “द कुठाय? मोदक वहिनींना सांभाळणार का?” पोरांनी त्यांचं नाव ‘दकाका’ ठेवलं. त्यांना ते कळलं आणि चक्क आवडलं.

एवढं इंग्रजी कुठून आलं विचारलं, की त्यांची छाती फुगते. “आमच्या हिच्याकडून.” काकू शाळेत इंग्रजी शिकवायच्या, काका कारखान्यात स्टोअरकीपर. त्यांचा रजेचा अर्जसुद्धा आधी काकू तपासायच्या. “तिची लाल शाई सगळ्यांत जास्त मीच खाल्ली,” हे ते पदक मिळाल्यासारखं सांगतात.

हल्ली काकू विसरतात. मध्यंतरी भाजी आणायला गेल्या त्या थेट स्टेशनपाशी सापडल्या, घर कुठे ते आठवेना. तेव्हापासून बाहेर पडताना काका त्यांच्या गळ्यात कार्ड अडकवतात. पत्ता, फोन आणि सगळ्यांत वर टपोऱ्या अक्षरांत: ‘मिसेस चौधरी इज इन चार्ज ऑफ मिस्टर चौधरी.’

परवा दोघं खाली भेटले, तेव्हा मला राहवलं नाही. हळूच म्हणालो, “काका, द राहिला.”

“नाही राहिला. ती रोज वाचते ते. आणि तिला फरक कळतो.”

तेवढ्यात काकूंनी कार्ड उचललं, शब्दांवरून बोट फिरवत वाचलं आणि ताठ झाल्या. काकांच्या शर्टाचं वरचं बटण लावून त्यांनी त्यांचा हात घट्ट धरला. काकांनी माझ्याकडे मोठ्या अभिमानाने पाहिलं.

“चला,” काकू त्यांना म्हणाल्या. “हात सोडू नका. हरवाल.”