पहिल्या पाइपासाठी पासष्ट किलो

घर विकत घेताना जमिनीच्या मूळ मालकाचं बोलणं कानाआड करावं, हा शहरांच्या वाढीचा मूलभूत नियम आहे. तो पाळला गेला नसता, तर आपलं शहर दौलताबादच्या रस्त्यानं पडेगावपर्यंत पोचलंच नसतं. स्वरदानं तो पाळला. बुकिंगच्या दिवशी साइटच्या ऑफिसात तात्यासाहेब बसले होते. सगळी जमीन त्यांचीच. बदल्यात त्यांना ए विंगमध्ये सहा फ्लॅट मिळायचे होते. माहितीपत्रकावरच्या निळ्याशार स्विमिंग पूलवर बोट ठेवून ते म्हणाले, "पोरी, इथं पाणी असतं तर म्या जमीन इकली असती का?"

स्वरदा मनापासून हसली. (माणसं मोकळी वाटतात इथली, असं तिनं घरी येऊन नवऱ्याला सांगितलं.) ती संख्याशास्त्रातली एम.एस्सी. आहे. एका उदाहरणावरून निष्कर्ष काढू नये, हे तिला ठाऊक होतं.

त्याला पाच वर्षं झाली. पूल बांधून तयार आहे. काठावर 'खोली पाच फूट, सूर मारू नये' अशी पाटी आहे आणि आजवर एकाही सभासदानं नियमभंग केलेला नाही. लागोपाठ दुसऱ्या वर्षी पावसानं दगा दिला, तेव्हा सोसायटीची पाण्याची व्यवस्था पुढीलप्रमाणे होती: विंग दोन, फ्लॅट शहाण्णव, टँकर तीन दिवसांतून एक, पाइप एक. ज्या विंगच्या टाकीत पाइप आधी पडे तिला टँकरचा मोठा वाटा मिळे, दुसरीला गाळ आणि आश्वासन. पाइप आधी कुणी धरायचा, याबद्दल लेखी नियम नसल्यामुळे तो धरूनच ठरवला जाई. मार्चअखेरच्या अहवालानुसार यात तीन चष्मे, एक कवळी, चौदा बादल्या आणि एक वीस वर्षांची मैत्री कामी आली.

यातून सोसायटीत दोन विचारप्रवाह तयार झाले. ए विंगमध्ये मूळच्या शेतीवाडीतल्या मंडळींचा भरणा. त्यांचं म्हणणं, पाइप धरायला माणूस दांडगा लागतो. बी विंगमधल्या बहुतेकांचे आजे-पणजे पूजा सांगत नाहीतर कचेरीत लिहीत. त्यांचं म्हणणं, पाइप धरायची एक पद्धत असते.

हा वाद सोसायटीचे अध्यक्ष हेमचंद्रकाका यांनी सभेत घेतला. (त्यांना निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. बायकोनं चहात साखर कमी घातली तरी ते 'पहावे व योग्य ती कार्यवाही करावी' असं म्हणतात.) त्यांनी सुचवलं की पाइपावरून रोज मारामारी होणं सुसंस्कृत वस्तीला शोभत नाही, ती एकदाच, नियमानुसार आणि पंचांसमोर व्हावी. दोन्ही विंगांनी एकेक प्रतिनिधी द्यावा. रिकाम्या पूलमध्ये एमएमएची लढत घ्यावी. जिंकेल त्या विंगला पावसाळ्यापर्यंत पहिला पाइप. मिश्र युद्धकलेत कुस्ती, ठोसे, लाथा, गळा आवळणं सगळंच चालत असल्यानं कोणाच्याही भावना दुखावणार नाहीत, असं इतिवृत्तात नमूद आहे.

ए विंगनं तात्यासाहेबांचा पुतण्या सार्थक दिला. वय चोवीस, मान आणि डोकं यांच्या रुंदीत फरक नाही. बी विंगनं केयूर दिला, म्हणजे स्वरदाचा नवरा. तो चितेगावच्या एका कंपनीत मालाची तपासणी करतो. पाठदुखीसाठी चार महिने तो श्रीरंग सरांच्या एमएमए क्लासला जात होता, एवढीच त्याची पात्रता. पण बी विंगमध्ये दुसऱ्या कोणाची पाठसुद्धा दुखत नव्हती.

श्रीरंग सरांचा क्लास प्लायवूडच्या दुकानावर आहे. दारावर 'येथे आकाराला महत्त्व नाही' असं लिहिलेलं असतं. सर स्वतः एकशे सहा किलोंचे आहेत.

"घाबरतेस काय," केयूर स्वरदाला म्हणाला. "यात ताकदीचा संबंधच नसतो. केवढाही माणूस असू दे, बरोबर कोनात धरला की लहान मूल होतं त्याचं."

"मग लढ ना आहे तसाच. वजनाचा गट कशाला मागताय?"

केयूरनं पंख्याचा वेग वाढवला. "ते सुरक्षिततेसाठी असतं."

वजन महत्त्वाचं नाही असं मानणाऱ्या या खेळात प्रत्येक जण लढतीच्या आधी आपलं वजन उतरवतो, कारण उतरवलं की लहान गटात जाता येतं, आणि लहान गटात गेलं की समोर लहान माणूस मिळतो. समोरचाही हेच करत असल्यामुळे शेवटी तीच दोन माणसं समोरासमोर येतात, फक्त वाळून. हे स्वरदाला दोन व्हिडिओ पाहून कळलं. तिनं ते श्रीरंग सरांना विचारलं. सर प्रसन्न झाले. "वहिनी, तुम्हाला टेक्निक समजलं!"

दोन्ही खेळाडूंचं वजन सोसायटीच्याच काट्यावर मोजलं गेलं. म्हणजे दर महिन्याला येणाऱ्या कचरू रद्दीवाल्याच्या. त्यावर सार्थक ऐंशी भरला आणि केयूर एकोणसत्तर. बी विंगनं दूरदृष्टी दाखवून पासष्टचा गट मागितला; आपल्याला चार उतरवायचे, त्याला पंधरा. ए विंगनंही आनंदानं मान्यता दिली. एका पैलवानाच्या बदल्यात एक वाळलेला पैलवान द्यायचा, पण तोही पैलवानच, असा त्यांचा हिशेब होता. ठराव एकमतानं मंजूर झाला. विरोधात एक मत पडलं, ते स्वरदाचं होतं, आणि ती सहसभासद असल्यानं मोजलं गेलं नाही.

त्यानंतरचे पाच आठवडे दोघंही भात, मीठ आणि पुढेपुढे पाणी सोडत गेले. पाण्यासाठी लढायचं म्हणून पाणी सोडायचं, यात विसंगती आहे असं कोणी म्हटलं नाही. उलट दोन फ्लॅटांचा वापर घटल्याचं पाहून हेमचंद्रकाकांनी परिपत्रक काढलं: 'खेळाडूंचा आदर्श सर्व सभासदांनी घ्यावा. (लहान मुलांना ऐच्छिक.)'

स्वरदा लक्ष ठेवून होती. केयूरच्या गालांवर, ओठांवर, तो उठताना भिंत धरतो का त्यावर. चार वर्षांच्या लेकीला, नीरजाला, तिनं जेवढं निरखलं नसेल, तेवढं या सदतीस वर्षांच्या माणसाला निरखलं. आणि सार्थकला तिनं निरखलं नाही असं नाही. लिफ्ट बंद असली की नीरजाला एका हातावर बसवून तोच तिसऱ्या मजल्यापर्यंत आणायचा, विंगचा विचार न करता. एप्रिलच्या शेवटी तो जिन्यात दोनदा थांबला.

"काय रे, बरं नाही का?"

"नाय वहिनी, लई भारी हाय." त्याच्या हातात प्लॅस्टिकची बाटली होती, तो तीत थुंकत होता. "थुंकीचं बी वजन असतंय म्हनं. दादाला सांगा, टेन्शन घेऊ नका. म्या हळूच धरीन त्यांना."

"तूच हळू धर स्वतःला."

तो हसला. ओठ फाटल्यामुळे अर्धवटच हसला.

लढतीच्या आदल्या दिवशी सकाळी दहाला अधिकृत वजन होतं. आठवडाभर, रोज बोलावून आणलेल्या कचरूच्या काट्यावर दोघंही नेमके पासष्ट भरत होते. हार आले होते. कचरूही आला, आंघोळ करून, टोपी घालून. सार्थक काट्यावर चढला: बहात्तर. केयूर चढला: बहात्तर.

दोन्ही विंगांनी हार पुन्हा पिशवीत घातले.

"कचरू, काटा बिघडला का रे?" हेमचंद्रकाकांनी विचारलं.

"न्हाय साहेब," कचरू दुखावला. "आज माणसं तोलायची म्हून खरा काटा आणलाय. त्यो रद्दीचा होता."

"म्हणजे रद्दीचा काटा कमी दाखवतो?"

"रद्दीपुरता बरोबर हाय त्यो, साहेब."

शहाण्णव कुटुंबांनी आजवर विकलेली वर्तमानपत्रं डोळ्यांसमोर आणली. ते दुःख ओसरल्यावर स्वरदा पुढे झाली. "काका, दोघं सारखेच आहेत की. बहात्तर आणि बहात्तर. लढू देत तसेच."

"ठरावात पासष्ट आहे," हेमचंद्रकाका म्हणाले. "ठराव बदलायला सर्वसाधारण सभा लागते. सभेला चौदा दिवसांची नोटीस लागते. टँकर उद्या नऊला येतो."

"माणसं मरतील, काका!"

"तसा अर्ज द्या. विचार करू."

तर्क बिनतोड होता. संध्याकाळी पाचपर्यंत प्रत्येकी सात किलो उतरवायचे होते, आणि इतक्या घाईनं माणसातून फक्त पाणीच काढता येतं. दोघांना कचऱ्याच्या काळ्या पिशव्या घालून, पार्किंगमध्ये उन्हात उभ्या असलेल्या दोन गाड्यांत काचा लावून बसवण्यात आलं. बाहेर त्रेचाळीस अंश होते. श्रीरंग सर दर दहा मिनिटांनी काच उघडून नाव विचारत. उत्तर बरोबर आलं की काच लावत. चौथ्या वेळी सार्थकनं नावाऐवजी गाव सांगितलं. ते ग्राह्य धरण्यात आलं.

स्वरदानं दोनदा केयूरच्या गाडीचं दार ओढलं. दोन्ही वेळा त्यानंच आतून ओढून घेतलं. "आता सोडलं तर पाइप गेला," तो काचेतून म्हणाला. "नीरूला काय पाजशील?" ती गाडीवर सावली पडेल अशी उभी राहिली. तिची सावली पुरेशी नव्हती. मग तिनं बाजूच्या गाडीकडे पाहिलं. तिथं सावलीला कोणीच नव्हतं. एवढ्या मोठ्या माणसाला सावली कोणाची पुरणार, असा साधारण समज होता.

पाच वाजता दोघं पासष्ट भरले. टाळ्या झाल्या.

लढतीचा नियम चौदा असा आहे: 'वजनानंतर खेळाडूंनी पाणी पिऊन शरीर पूर्ववत करून घ्यावे (उपलब्धतेनुसार).' हा नियम श्रीरंग सरांनी एका परदेशी नियमावलीतून घेतला होता. कंसातली भर हेमचंद्रकाकांची. दोन्ही टाक्या आदल्या दिवशीच कोरड्या पडल्या होत्या. जार मागवणं म्हणजे बाह्य साहाय्य, त्याला अपात्रतेची शिक्षा. घरात दीड लिटर होतं. केयूर एक लिटर प्याला आणि उरलेलं त्यानं नीरजाच्या नावानं झाकून ठेवलं. सार्थकच्या घरी किती होतं, याची नोंद नाही.

सकाळी नऊला दोघं स्टीलच्या शिडीवरून पूलमध्ये उतरले. काठावर एकशे चाळीस माणसं. शिटी झाली. केयूरनं शिकल्याप्रमाणे खाली वाकून सार्थकचा डावा पाय धरला, आणि पायाला टेकून तसाच राहिला. सार्थकनं ताकदीनं त्याची मान धरली, म्हणजे हात तिच्यावर ठेवला, आणि काढायची शक्ती नसल्यामुळे काढला नाही. असे ते सहा मिनिटं उभे होते.

"कोन बघा, कोन!" बी विंग ओरडली.

"दाब त्येला, दाब! वजन टाक!" तात्यासाहेब ओरडले.

फाटकाबाहेर टँकर आला. ड्रायव्हर मोतीराम यानं तीनदा हॉर्न वाजवला. पाइप धरायला त्या दिवशी, इतिहासात प्रथमच, कोणीही नव्हतं. तो पाच मिनिटं थांबला आणि पुढच्या सोसायटीकडे गेला. तिथं, ऐकिवात आहे, नंबर लावतात.

मग दोघं एकदमच खाली बसले. केयूर बसल्यावर आडवा झाला आणि त्याचे डोळे वर गेले. स्वरदा शिडी न वापरता उतरली. घरातलं अर्धा लिटर तिच्या पिशवीत होतं, ते तिनं थेंबाथेंबानं सगळं त्याच्या तोंडात घातलं. दोन हातांच्या अंतरावर सार्थक बसला होता. तो बाटलीकडे पाहत होता. मागितलं मात्र नाही. बाटली संपल्यावर तो उठला, शिडीवरून आपल्या पायांनी वर चढला आणि ए विंगच्या दिशेनं गेला. काठावरून कौतुकाची कुजबुज झाली. "बघा, शेवटी अंगात असावं लागतं!"

आता दुपारचे तीन वाजलेत. केयूरला दवाखान्यात सलाइन लावलंय. डॉक्टर म्हणतात मूत्रपिंडं वाचतील, वेळेवर आणलंत. वॉर्डच्या दाराशी तात्यासाहेब खुर्ची टाकून बसलेत. लढत बरोबरीत धरली आणि फेरलढत लागली, तर बी विंगच्या खेळाडूला नळीवाटे मिळालेलं पाणी वजनात धरावं, असा ए विंगचा आक्षेप आहे. म्हणून ते बाटल्या मोजायला आलेत. तिसरी चालू आहे.

"तात्या, सार्थक फोन उचलत नाहीये. मी सहा वेळा केला."

"झोपला आसंल. रेड्यावानी झोपतंय त्ये."

"त्याच्याजवळ कोण आहे?"

"त्येला कशाला कोण पायजे? आठ-धा गडी वढून न्हेईल त्यो." एवढं बोलून तात्यासाहेबांनी सलाइनकडे पाहिलं, आणि मग स्वरदाकडे पाहायचं टाळलं.

हेमचंद्रकाकांचा फोन बंद आहे. सभा चालू आहे (विषय: निकाल). स्वरदाला उठता येत नाही, एका हातात केयूरचा हात आहे आणि मांडीवर नीरजा झोपली आहे. आणि बी विंगच्या कोणी ए विंगचा जिना चढू नये, असं सकाळीच ठरलं आहे.

तरी वाचकांना स्वरदाची विनंती आहे. तुम्ही कोणत्याच विंगचे नाही, तुम्हाला कोणी अडवणार नाही. ए विंग, चौथा मजला, डाव्या हाताचं दार. लिफ्ट बंद आहे. जाताना पाणी घेऊन जा, त्यात मीठ-साखर घाला. दार जोरात वाजवा. उघडलं नाही तर दणकट माणूस आहे, झोपला असेल, असं म्हणून माघारी फिरू नका. दार तोडा, भरपाईचं नंतर बघू. आणि कृपा करून कोण जिंकलं हे आधी विचारत बसू नका. इथपर्यंत तुम्ही तेवढ्याचसाठी थांबला आहात, हे तिला माहीत आहे. काठावरचे एकशे चाळीसही तेवढ्याचसाठी थांबले होते.