सायकलीचे तख्त चार बोटे उचलल्याची हकीकत

ऐकणारांनी कान द्यावा, हसणारांनी दम धरावा. शके एकोणीसशे एकोणीस, ईश्वरनाम संवत्सरी, नाशिकानजीक मखमलाबादेस राजश्री भिमाजीराव फुलबागाईतदार नांदत होते. उंची पाच फूट, मिजास सात फूट. सायकल हे त्यांचे राज्य आणि सीट हे तख्त. वीस सालांपूर्वी ते तख्त त्यांनी आपल्या मापाने तळाशी बसवले आणि हुकूम केला की, यास पाना लावील तो घरचा गनीम. स्वतः मात्र वर्षातून एकदा, दसऱ्याचे सोने वाटण्यापुरते तख्तनशीन होत.

चिरंजीव खंडेराव पावणेसहा फूट वाढले, तेवढीच त्यांची बेअदबी. ते रोज पहाटे झेंडूच्या पाट्या लादून फुलबाजारावर चाल करीत आणि गुडघे हनुवटीस भिडत आणि बापापुढे ब्र काढण्याची छाती नव्हती. मग भाद्रपदात उजवा गुडघा सुजून नारळाएवढा जाहला आणि स्वारी ओट्यावर कोसळली. दसरा महिन्यावर आला होता. माल बाजारी न गेला तर वर्षाचे फूल वाफ्यातच कुजणार होते.

भिमाजीरावांनी तापल्या विटेचा शेक दिला आणि तेल रगडविले आणि वणीहून अंगारा आणविला आणि सूज दुप्पट जाहली. मग सूनबाई छायाबाईंनी नवऱ्यास डॉक्टरांपुढे रुजू केले. डॉक्टरांनी फर्माविले की, पंधरा दिवस सायकल बंद, चोळणे मना, बर्फ फडक्यात गुंडाळून लावणे, पाय उशीवर ठेवणे, आणि सीट इतकी उंच करणे की पेडल तळाशी जाता गुडघा किंचितच वाकावा. न केल्यास सूज फिरून येईल.

भिमाजीराव म्हणाले, "सीट नाय हलायची. माझा गुडघा कधी दुखला का?"

खंडेरावांनी मान डोलावली. असले शूर या कुळात पैदा होतात.

पंधरा दिवस छायाबाईंनी फुले लादलेली सायकल पायी ढकलीत बाजारी नेली आणि दोन्ही मर्द ओट्यावर बसून मसलती करीत राहिले. सोळाव्या दिवशी सूज उतरली आणि भिमाजीराव टोपल्या आणण्यास हरसूलच्या बाजारी गेले आणि छायाबाईंनी पाना काढला.

खंडेराव पुसते जाहले, "बाबांना काय सांगशील?"

"काय नाय. तुम्ही दांडी धरा."

वीस सालांचा गंज भिमाजीरावांच्या बाजूने लढला. मग रॉकेल ओतले आणि हातोडी चालली आणि तख्त चार बोटे वर आले.

दसऱ्यापर्यंत खंडेरावांनी सारा झेंडू बाजारी पोचविला आणि गुडघ्यास सूज फिरून आली नाही. सणाच्या संध्याकाळी भिमाजीराव भर चौकात सायकलीवर चढले आणि पाय जमिनीस टेकेनात. ते हळूच उतरले.

"वयानं माणूस आखडतं बघ," असे म्हणून त्यांनी सायकल पोराच्या हवाली केली. म्हातारा तसूभरही आखडला नव्हता, परंतु हे सांगण्यास घरचे कोणी पुढे आले नाही.

येणेप्रमाणे गुडघा बचावला, फूल विकले आणि राज्य पालटले. फत्ते खंडेरावांच्या नावे लिहिली. छायाबाई तेव्हा रिकाम्या पाट्या धूत होत्या.