दोनूय हात!

मांद्रेकर साहेबांनी माझ्या बायकोला चार वेळा नापास केले आणि चारही वेळा कारण एकच. देवाला करायचा नमस्कार.

हे वाचून तुम्हाला वाटेल माणूस नास्तिक असणार. आमच्या डिचोलीत अर्ध्या लोकांना तसेच वाटायचे. उरलेल्या अर्ध्यांनी परीक्षाच दिली नव्हती.

मी गावस, चौथी शिकलेला माणूस. दोडामार्गाकडून आलो, आधी खाणीचा ट्रक चालवला, मग एक जुनी मारुती घेतली, तिला लाल अक्षराची पाटी लावली आणि लोकांना गाडी शिकवायला लागलो. मांद्रेकर साहेब सरकारी माणूस, लायसनची परीक्षा घ्यायचे. म्हणजे मी शिकवायचो आणि ते नापास करायचे. वीस वर्षे आमचे असे चालले, आणि मध्ये कधी भांडण झाले नाही, कारण भांडायला दोन माणसे लागतात आणि साहेब भांडायचेच नाहीत. उतर म्हणायचे.

बुधवारी परीक्षा. साहेब ड्रायव्हरच्या बाजूला बसायचे. सीट पार मागे ढकललेली, दोन गुडघ्यांमध्ये काळी छत्री उभी आणि छत्रीच्या मुठीवर त्यांचे दोन्ही हात. मे महिन्यातसुद्धा छत्री. ती त्यांच्या हातातून सुटलेली कुणी पाहिली नव्हती. आमचा चहा घेत नसत. घरून बाटलीत पाणी आणि कागदात बांधून एक उंडो, म्हणजे गोल पाव, आणायचे, तो मैदानाच्या कडेला उभ्या उभ्या खायचे, तोही दोन्ही हातांनी धरून.

परीक्षेचा रस्ता ठरलेला. मैदानातून निघायचे, बाजारातून कारापूरच्या रस्त्याला लागायचे, एक चढण चढायची. चढणीच्या माथ्यावर वळण आणि वळणावर राखणदाराची घुमटी. घुमटी केवढी, तर कमरेएवढी. पण तिच्यासमोरून नमस्कार न करता जाणारा माणूस आमच्या तालुक्यात नाही. ट्रकवाला असो, बसवाला असो, उजवा हात आपोआप उठतो, छातीला लागतो, ओठांना लागतो आणि परत येतो. कुणी विचार करून करत नाही. शिंक येते तसे ते येते.

आता चढणीवर गिअर बदलावा लागतो. म्हणजे डावा हात गिअरवर. उजवा देवाकडे. मग स्टेअरिंगवर कोण? आणि समोरून मातीने भरलेला खाणीचा ट्रक उतरतोय.

"दोनूय हात!" साहेब ओरडायचे. दोन्ही हात, दोन्ही हात!

मग मैदानात परत आले की, "उतर. पुढच्या खेपेक ये." आणि तो माणूस काही बोलायला लागला की त्यांचे ठरलेले वाक्य, "देव खंय वचना रे. वतलो तो तूं." देव कुठे जात नाही बाबा, जाशील तो तूच.

घुमटीच्या पुढे दोनशे पावलांवर एक खुरीस आहे, पांढरा क्रूस. तिथे किरिस्तांव मंडळी कपाळ, छाती, दोन्ही खांदे असे हात लावतात. त्याला आणखी वेळ लागतो. साहेब त्यांनाही नापास करायचे. देवांत भेदभाव नव्हता.

एकदा गावातली चार वजनदार माणसे तक्रार घेऊन त्यांच्याकडे गेली. मीही मागे होतो, माझे विद्यार्थी बुडत होते म्हणून. साहेबांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "एका हातान केल्लो नमस्कार देवाकय पावना आनी गाडयेकय पावना. करपाचो तर दोनूय हातांनी करात. गाडी उबी करून, सकल देंवून." म्हणजे खाली उतरून. आता देवाला एका हाताने नमस्कार चालतो असे चारचौघांत कोण म्हणणार? सगळे परत आले.

गोवा तेव्हा नुकते राज्य झाले होते. कोकणी की मराठी यावरून लोक भावाभावांत बोलत नव्हते. एक मास्तर परीक्षेला आले. त्यांना साहेबांनी कोकणीत विचारले म्हणून ते ताठ बसले, मी मराठीतच उत्तर देणार म्हणाले. साहेब म्हणाले, "मास्तर, ब्रेक खंयच्याय भाशेन लागता. लावन दाखयात." कुठल्याही भाषेत लागतो, लावून दाखवा. मास्तरांनी लावला. मास्तर पास झाले. तेवढा एकच माणूस त्या वर्षी भाषेच्या बाबतीत समाधानी झालेला मी पाहिला.

साहेबांकडे स्वतःची गाडी नव्हती. बसने फिरायचे. ड्रायव्हरच्या बरोबर मागच्या सीटवर बसायचे, आणि घुमटी जवळ आली की नुसते खाकरायचे. या रस्त्यावरचे सगळे ड्रायव्हर त्यांनीच पास केलेले. खाकरणे ऐकले की ड्रायव्हरचे दोन्ही हात स्टेअरिंगला असे चिकटत, की कंडक्टर मागून म्हणायचा, "देवाक हांव करतां रे नमस्कार, तूं चलय!"

आता शेवंतीचे सांगतो.

शेवंती माझी बायको. माहेर पेडण्यातले तुये. तिची आई पडली आणि अंथरुणाला लागली. भाऊ तिथल्याच कारखान्यात पाळीवर. डिचोलीहून तुयेला जायचे म्हणजे दोन बस बदलायच्या, वर चालायचे. पोचेपर्यंत दुपार. आईच्या तोंडात दोन घास घातले की परतीची बस. मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत दुसऱ्यांच्या बायकामुलांना गाडी शिकवत बसलेला.

एक दिवस ती म्हणाली, "सगळ्या गावाक शिकयतात. माका शिकयात. आवय म्हजी वाट पळयत आसा."

माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांत ती हुशार निघाली. रिव्हर्स तर माझ्यापेक्षा सरळ घ्यायची. मी छाती फुगवून तिला परीक्षेला नेले. घुमटी आली. हात गेला.

"दोनूय हात!"

घरी येऊन तिने भांडी अशी घासली की शेजारीण बघायला आली. "देवाक हात जोडल्यार नापास? हो खंयचो न्याय? तुमचो तो सायब मेलो काय राखणदार ताका वळखचो ना!" मेल्यावर राखणदार त्याला ओळख देणार नाही म्हणे.

दुसऱ्या खेपेला तिने हात हलवला नाही. मान खाली घातली आणि डोळे मिटले. वळणावर. नापास.

तिसऱ्या खेपेला मी तिला म्हटले, घुमटीकडे बघूच नको, समोर बघ. तिने समोर बघितले. हात आपला आपण गेला.

चौथ्या खेपेला डोके मी चालवले. रुमालाने तिचा उजवा हात स्टेअरिंगला बांधला आणि वर पदर टाकला. हात सुटला नाही हे खरे. पण वळणावर स्टेअरिंग फिरवायचे तर हात सोडून वर धरावा लागतो, हे मी, लोकांना गाडी शिकवणारा माणूस, विसरलो. तिचा हात पिळला गेला, गाडी अर्धी वळली आणि कुणाच्या तरी शेताच्या बांधावर नाक ठेवून उभी राहिली. साहेबांनी पदर उचलला, रुमाल बघितला आणि विचारले, "हें गावसाचें काम?"

"व्हय," शेवंती म्हणाली.

"ताकाय नापास करूंक येता जाल्यार केल्लो." त्यालाही नापास करता आले असते तर केले असते.

बाजारात मला तोंड दाखवायला जागा उरली नाही. शिकवणाऱ्याचीच बायको चार वेळा नापास! पण माझी अब्रू गेली ती गेली, पुढची पाळी यायला महिना लागायचा आणि तिकडे तिच्या आईचे एकेक कमी होत होते. आधी उठणे बंद झाले. मग बसणे. मग शेवंतीचा भाऊ म्हणाला, आता ती कधी कधी मला ओळखत नाही, पण शेवंती कधी येणार ते विचारते.

मी साहेबांच्या खोलीवर गेलो. एकटेच राहायचे. लग्न केलेले नव्हते. एक ताट, एक वाटी, तीच विसळत होते. मी आडपडदा ठेवला नाही. म्हटले, साहेब, तिची आई वाट बघतेय, किती दिवस काढेल सांगता येत नाही. एवढी एक पास करा.

त्यांनी ताट पुसून पालथे घातले. मग म्हणाले, "म्हूण तर, गावस. आवय वाट पळयता. जाल्यार ती पावूंक जाय मरे."

वाट बघतेय म्हणूनच, ती पोचली पाहिजे ना. मी शिव्या घालत घरी आलो. मनात.

पाचव्या खेपेला मी आधीच जाऊन घुमटीजवळच्या वडाखाली उभा राहिलो. गाडी चढण चढून आली. माझे लक्ष तिच्या उजव्या हाताकडे. आणि गाडी हळू झाली. तिने डावीकडचा दिवा लावला. गाडी बाजूला घेतली. हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केले, चावी काढली. आरशात मागे बघितले, दार उघडले, खाली उतरली. चपला काढल्या. आणि घुमटीपुढे दोन्ही हात जोडून उभी राहिली.

उभी राहिली म्हणजे किती? मागून दोन बस गेल्या. ती आपली बोलतेच आहे. आईचे दुखणे, भावाची नोकरी, माझी बिडी, सगळे देवाला सांगून झाले, मग एक प्रदक्षिणा. साहेब गाडीत छत्री धरून बसलेले. हलले नाहीत.

ती परत येऊन बसली. पुढचे ती जन्मभर सांगत राहिली, त्यामुळे मला पाठ आहे.

"सगळें सांगलें?" साहेबांनी विचारले.

"सांगलां."

"म्हजें नांव घेतलें?"

"घेतलां."

"बरें काय वायट?"

"पयलीं वायट. मागीर बरें."

साहेब म्हणाले, "चल."

तिने गाडी चालू केली, मागे बघितले, गिअर टाकला आणि गाडी हलली मात्र, मेला हात परत उठला! छातीला लागला, ओठांना लागला, परत आला. पण तेवढ्यात साहेबांची छत्री पडली, आणि ते वाकून सीटखाली हात घालून ती शोधत होते. वर आले तेव्हा शेवंतीचे दोन्ही हात स्टेअरिंगवर.

पास!

पुढच्या रविवारी ती तुयेला गेली, एकटी, माझी मारुती घेऊन. मग दर रविवारी. आई गणेशचवथीपर्यंत जगली. शेवटी तिने शेवंतीला ओळखले, गाडीचा आवाज ऐकून.

त्यानंतर पंचवीस वर्षे शेवंतीने गाडी चालवली. आमच्या गेटचा खांब सोडला तर कशाला लावली नाही. आणि घरी कुणी पाहुणे आले की तिची गोष्ट ठरलेली. "सगळ्या गोंयांत त्या सायबाक फसयल्ली हांव एकटीच! छत्री पडली म्हूण वाटावलें." म्हणजे वाचले. मीही हसायचो. साहेब तेव्हा निवृत्त झाले होते. तरी त्यांची मला थोडी कीव यायची, एवढा कडक माणूस आणि एका छत्रीने फसला.

गेल्या माघात शेवंती गेली. पोटाचे दुखणे. गाडी दारात आहे, मी चालवत नाही. घरात बसवत नाही म्हणून संध्याकाळचा चालतो, पाय नेतील तिकडे.

असाच एका बुधवारी चढण चढून वळणावर आलो तर घुमटीपुढे मांद्रेकर साहेब. छत्री वडाला टेकून ठेवलेली. खूप वाकलेत आता, कानही गेलेत. दोन्ही हात जोडून मोठमोठ्याने बोलत होते. ऐकू न येणारा माणूस बोलतो तसे. म्हटले, झाले की सांगावे, साहेब, शेवंती गेली. तसाच मागे उभा राहिलो.

साहेब गाऱ्हाणे घालत होते. आमच्याकडची गाऱ्हाण्याची रीत अशी, की एकाने देवाला सांगायचे आणि मागच्या सगळ्यांनी म्हणायचे, व्हय म्हाराजा. मागे कुणी नव्हते. तरी साहेब प्रत्येक नावानंतर थांबायचे, जेवढे थांबायचे तेवढे, आणि मग पुढे जायचे.

"बा देवा म्हाराजा, वाटेच्या राखणदारा! जांकां दुबाव आसतना पास केलां, तीं तुज्या पदरांत घालतां." ज्यांना मनात शंका असताना पास केले, ती माणसे. "साळचो रघू. ब्रेक उशिरां लायता. ताका सांबाळ."

थांबले. वडाची पाने वाजली.

"मयेंचो इनास. रातचो दिसना, पूण सांगना. ताका सांबाळ."

थांबले.

"तुयेंची शेवंती. गावसाची बायल. चलयता बरी. पूण तुका पळयलो काय तिचो हात सुटता. हांवें पळयलें, आनी मुजरत छत्री उडयली. आवय वाट पळयताली तिची. चूक म्हजी, देवा. ती वाटेर आसा. तिका सांबाळ."

म्हणजे छत्री पडली नव्हती. टाकली होती. आणि पंचवीस वर्षे, बहुधा दर बुधवारी, हा माणूस इथे येऊन ते कबूल करत होता, आणि घरी ती पाहुण्यांना सांगत होती की मी साहेबाला फसवले.

साहेब थांबले होते.

ती आता वाटेवर नाही, एवढेच मला सांगायचे होते. त्यासाठीच उभा होतो. ते नाव आता घेऊ नका, साहेब. मी तोंड उघडले.

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो. ऐकू जावे म्हणून मोठ्याने म्हणालो.

साहेबांनी मागे बघितले नाही. जोडलेले हात सोडले नाहीत. मग पुढचे नाव घेतले आणि थांबले, माझ्यासाठी.