सगळ्या सेटिंगा बडेबाबूंच्या हाती

कुरखेड्याच्या शेतकी कचेरीत कॉम्प्युटर एकच आणि त्यावर बसणारे तिघं, त्यामुळे सकाळचं भांडण ठरलेलं. घनश्याम डावखुरा, त्याला माउसची बटणं उलटी लागत. प्रेमिलाबाईंना अक्षरं मोठी हवीत. अमरला पडद्याला पासवर्डचं कुलूप हवं, कारण त्याचं लिहिलेलं कुणी वाचलेलं त्याला खपत नसे.

कचेरीचे हेडक्लार्क, बडेबाबू गुणवंतराव, या कटकटीनं मेटाकुटीला आले होते. बायको-पोरगी ऊर्जानगरात आणि आपण सहा वर्षं इथं! बदलीचा अर्ज गडचिरोलीला साहेबांच्या टेबलावर पडलेला. अशात त्यांना कॉम्प्युटरमधलं कंट्रोल पॅनल सापडलं. सगळ्या सेटिंगा एकाच जागी! बडेबाबू हरखले. आता साहेबांवर छाप पाडायची आणि ऊर्जानगर गाठायचं.

"आजपासून सेटिंगले कोनी हात लावाचा नाई," त्यांनी फर्मान सोडलं. "ज्याले जे पायजे त्यानं अर्ज द्या. आवक नंबर टाकून!"

तासाभरात तीन अर्ज आले. बडेबाबूंनी आधी साहेबांना पत्र लिहिलं, 'सर्व सेटिंग माझ्या एकट्याच्या नियंत्रणात आणल्या आहेत.' मग आवक नंबरानं तिन्ही अर्ज मंजूर केले आणि तिन्ही सेटिंगा लावून टाकल्या.

झालं! अक्षरं एवढी फुगली की 'ओके'चं बटण पडद्याखाली गडप झालं. माउसचं डावं बटण दाबलं की भलतंच काहीतरी उघडे. दर मिनिटाला पडदा काळा होऊन पासवर्ड मागे, आणि तो कुणाला न दाखवता टाकून गेलेला अमर घरी जेवत होता. इकडे चारच्या एसटीनं धानाच्या बियाण्याची यादी गडचिरोलीला गेलीच पाहिजे होती. ती चुकली तर साहेब बदलीचं नावही काढू देणार नव्हते.

"अबे, थांब ना जरा!" बडेबाबू पडद्यावर खेकसले.

"तुमीच तं मंजूर केलं," घनश्याम म्हणाला.

"एकाचा तरी अर्ज फेटाळाचा होता!" प्रेमिलाबाई कडाडल्या.

"काऊन फेटाळू? तिघायचेबी अर्ज नियमात होते ना, बाई!"

शेवटी अमरला सायकलवर बसवून घरून आणलं. घनश्यामनं माउस धरला, प्रेमिलाबाईंनी शेतकऱ्यांची नावं वाचून दाखवली, अमर दर मिनिटाला पासवर्ड मारत राहिला. ज्यांची रोज जुंपायची ते तिघं एकाच बाकावर खेटून बसले, तेव्हा कुठं यादी निघाली. शिपाई शकुबाईंनी यादी आणि बडेबाबूंचं पत्र घेऊन धावत एसटी गाठली.

आठव्या दिवशी साहेबांचं उत्तर आलं. बडेबाबूंनी ते मोठ्यानं वाचायला घेतलं.

'यादी वेळेवर मिळाली. सर्व सेटिंग आपल्या एकट्याच्या नियंत्रणात असल्याने आपणास तेथून हलवणे कचेरीच्या हिताचे नाही. बदली नामंजूर.'

बडेबाबूंनी पत्र टेबलावर टाकलं.

"घ्या रे बाबांनो, ज्याची सेटिंग त्यानं सांभाळा. मले नाई पायजे हे नियंत्रण!"

प्रेमिलाबाईंनी कोरा कागद पुढं सरकवला.

"अर्ज द्या, बडेबाबू. आवक नंबर चार."