जोधपूर अडुसष्ट, बिकानेर पासष्ट

मखनलाल बिस्सा माट्साबांनी बेरीज तीनदा केली आणि तिन्ही वेळा बिकानेर तीन गुणांनी हरलं.

खरं तर तो कागद बिकानेरला जिंकवायलाच काढला होता. मुलगा श्रीवल्लभ जोधपूरला नोकरीला. "बापूजी, घराला कुलूप लावा आणि इकडे या," असं तो चार महिने फोनवर म्हणत होता. नुसतं 'नाही' म्हणणं भूगोलाच्या निवृत्त शिक्षकाला शोभलं नसतं. म्हणून माट्साबांनी दहा विषय आखले: पाणी, ऊन, आंधी, खाणं, दवाखाना, शेजार, बोलण्याची रीत वगैरे. प्रत्येकी दहा गुण. दोन्ही शहरं वाळवंटातली, दोन्ही ना धड लहान, ना धड मोठी; तेव्हा परीक्षा न्यायाचीच होती. चूक एवढीच झाली, की जोधपूरची माहिती त्यांनी बायकोला विचारली.

गवरजाबाई जोधपूरच्या. सेहेचाळीस वर्षं बिकानेरात संसार करून त्यांनी इथल्या ताकाला अजून बरं म्हटलं नव्हतं.

"पाणी?" माट्साबांनी पेन्सिल सरसावली.

"आमच्या जोधपूरचं पाणी नुसतं प्यायलं तरी जेवल्यासारखं वाटतं."

"नऊ. बोलण्याची रीत?"

"आमच्याकडे कुत्र्यालासुद्धा 'जरा सरकावं सा' म्हणतात. तुमच्याकडे जावयाला 'ए' म्हणतात."

माट्साबांनी नाइलाजाने दहा दिले. आंधीत, म्हणजे धुळीच्या वादळांत, बिकानेर बरंच पुढे होतं. पण तिचे गुण उलटे धरायचे असतात, हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं.

त्यांनी कागद घडी करून खिशात घातला आणि संध्याकाळी पाट्यावर जाऊन बसले. घरासमोरच्या चौकातला तो लाकडी पाटा बारा माणसं मांडी घालून बसतील एवढा. भिंतीकडचा, पाठ टेकायला मिळणारा कोपरा माट्साबांचा, वडिलांकडून आलेला. गाव सोडणाऱ्याची जागा पुढच्याला मिळायची, आणि ते पुढचे म्हणजे जेठमल हर्ष. एकोणीस वर्षं ते टेक्याविना, ताठ बसून होते.

चष्मा काढताना खिशातून कागद पडला. तो उचलला बुलाकी रंगाने. बुलाकी कचोरीवाला, वय त्रेपन्न, आणि माट्साबांचा जुना विद्यार्थी.

"जोधपूर अडुसष्ट, बिकानेर पासष्ट!" त्याने मोठ्यांदा वाचलं. "अक्षर तर तुमचंच दिसतंय, माट्साब."

"अजून कच्चं आहे ते. दोन-तीन ठिकाणी गुण वाढतील."

श्रीवल्लभचं बोलावणं सगळ्या पाट्याला माहीत होतं, त्यामुळे कागद कशासाठी हे सांगावं लागलं नाही. बुलाकीने हळूहळू मान वर केली.

"वाढतील? नववीत मला भूगोलात बत्तीस पडले होते. पास व्हायला तेहतीस लागत. एक गुण मागायला वडील तुपाचं मडकं घेऊन तुमच्या दारात उभे राहिले. तुम्ही काय म्हणालात?"

माट्साबांना आठवत होतं.

"'एकदा दिलेला गुण देवालाही बदलता येत नाही.' माझी शाळा तिथे सुटली, माट्साब. आता तुमचं गाव सुटणार."

"बरोबर आहे," जेठमल म्हणाले, आणि त्यांनी आपली गादी कोपऱ्याच्या दिशेने वीतभर सरकवली.

तिथून पुढे सगळं रीतीने होत गेलं. जेठमलांनी त्याच संध्याकाळी श्रीवल्लभला फोन करून अभिनंदन केलं. श्रीवल्लभने दुसऱ्याच दिवशी खोलीला रंग दिला, बापूजींच्या गुडघ्यांसाठी कमोड बसवला आणि गुरुवारचा ट्रक ठरवला. गाव सोडणाऱ्याला चौकातल्या प्रत्येक घराने एकेकदा जेवू घालायचं, ही जुनी चाल. बुधवारपर्यंत माट्साब अकरा घरी जेवले होते. अकरा घरचं निरोपाचं जेवण पचवून गावातच राहणं म्हणजे सरळसरळ लबाडी झाली असती. जेठमलांची गादी आता कोपऱ्यात होती. त्यांच्या चेहऱ्यावर टेका मिळालेल्या माणसाचं समाधान होतं.

बुधवारी संध्याकाळी माट्साब घरी आले आणि ट्रंकेवर बसले.

"बांधा सामान. जिंकलं तुमचं जोधपूर."

गवरजाबाई खिडकीशी उभ्या होत्या. खाली पाटा भरला होता.

"अहो, मी तिकडे राहायला गेले, तर माहेर कुठलं म्हणायचं मी?"

"म्हणजे?"

पदर कपाळापर्यंत ओढून बाई खिडकीतून खाली वाकल्या. सेहेचाळीस वर्षांत पाट्याने त्यांचा आवाज ऐकला नव्हता.

"बुलाकी! परीक्षेत खोटं लिहिलेलं सापडलं, तर काय करतात रे?"

"पेपर रद्द करतात, माजीसा."

"मग कर रद्द. जोधपूरची उत्तरं माझी आहेत, आणि ती खोटी आहेत. अठराव्या वर्षी सोडलं ते गाव. गेल्या साली भाच्याच्या लग्नाला गेले, तर मला माझी गल्ली सापडेना. पाण्याला कसली म्हणून चव नव्हती. एका पोराने 'ए म्हातारे, बाजूला हो' म्हटलं. तब्येतीचं निमित्त करून चार दिवस आधी परत आले."

एवढं बोलून त्या आत वळल्या. माट्साब त्यांच्याकडे बघत राहिले. हे त्यांनाही माहीत नव्हतं.

खाली बराच खल झाला. "रद्द म्हणजे फेरपरीक्षा होईल. तोवर जागा माझ्याकडेच राहू दे," असं जेठमलांचं म्हणणं. शेवटी सगळे बुलाकीकडे बघू लागले. माट्साब जिना उतरून आले होते.

"रद्द मान्य," बुलाकी म्हणाला. "पण माझा एक गुण द्या."

"कुठल्या प्रश्नाचा? पेपर आहे कुठे?"

"पाठ आहे. प्रश्न सातवा: वाळवंटात लोक का राहतात, कारणे द्या. दोन गुण. मी लिहिलं होतं, 'कारण त्यांची घरे तिथे आहेत.' तुम्ही भोपळा दिलात."

माट्साब त्या कोपऱ्याकडे बघत उभे राहिले. भिंतीवर दोन तेलकट डाग होते. खाली त्यांच्या पाठीचा, वर वडिलांच्या. त्यांनी पेन्सिल काढली, हरलेल्या बिकानेरचा कागद उलटा केला आणि लिहिलं: 'रंगा बुलाकीदास, नववी, भूगोल, तेहतीस.' खाली सही केली.

"दुसरा गुण?"

"कारणे विचारली होती. तू एकच दिलंस."

जेठमलांनी गादी उचलली आणि पुन्हा ताठ बसले. निरोप रद्द झाल्याच्या आनंदात त्या रात्री बाराव्या घरानेही माट्साबांना जेवू घातलं.

सकाळी श्रीवल्लभला कळवून झालं. रागावला, मग म्हणाला, कमोड तरी बघायला या. माट्साब ताक प्यायला बसले. ताक नेहमीपेक्षा छान झालं होतं. त्यांनी तसं सांगितलं.

गवरजाबाई घोट घेऊन म्हणाल्या, "ठीक आहे. पण आमच्या जोधपूरला ताक इतकं आंबट नसतं."

"नसतंच," माट्साब म्हणाले. "दहापैकी दहा."